आज रंग कोणता?

"हिरवा!" खिडकीपाशी फोन धरून हे ओरडले.

लाल म्हणाले असते तर मी सुटले असते. लाल म्हणजे बाहेरची हवा वाईट, घरात बसा. लाल दिवशी दम लागला तर दोष हवेचा. पण हिरव्या दिवशी लागला तर कुणाचा? तो माझाच.

"अगं, ऐकलंस का? चल, बूट घाल."

"ऐकलं. कान शाबूत आहेत अजून माझे."

माझ्या छातीचं दुखणं जुनं, म्हणून हिरव्या दिवशी चालायचं, लाल दिवशी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. आणि हे म्हणजे नियमाला पक्के. जन्मभर पाणीखात्यात नळाची कामं केली. आमच्या गावात हिवाळ्यात पाइप गोठतात, गोठले की फुटतात. म्हणून थंडी पडायच्या आत हे गल्लोगल्ली हिंडून पाइपांना गोणपाट, चिंध्या, जुनी पांघरुणं गुंडाळायचे. खात्याची गोणपाटं कमी पडली की माझ्या कपाटावर धाड. लग्नात आणलेल्या माझ्या दोन शाली कुणाकुणाच्या पाइपांना ऊब देत संपल्या. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसत नाहीत. थंडी पडली की माणूस गुंडाळायला काहीतरी शोधत फिरतो.

खाली उतरलो. समोरच्या घराचं धुराडं दिसत नव्हतं, इतकं पांढरं सगळं. ते धुकं की धूर हे आमच्याकडे कुणालाच कळत नाही. घरोघरी कोळशाच्या शेगड्या, नाकं कधीच कामातून गेलेली. म्हणून तर फोनचा आधार. आमच्या इमारतीच्या गच्चीवर हवा मोजणारी एक पेटी बसवली आहे. तिचे आकडे हवा कार्यालयातल्या संगणकाकडे जातात. तो मागची थंडी, मागचा वारा, मागची हवा बघून आपला आपण शिकतो आणि आमच्या गल्लीची आजची हवा कशी असेल ते आदल्या संध्याकाळीच सांगून टाकतो. यांना तर त्या पेटीचा केवढा अभिमान! स्वतःच्या पोराचं कौतुक केलं नसेल इतकं पेटीचं.

कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत गेले आणि छाती आवळली. श्वास आत जाईना. मी बुटाची नाडी बांधायला वाकले. नाडी सुटलेली नव्हतीच. पण वाकलं की धापा टाकता येतात आणि यांना कळत नाही.

"रोज काय गं तुझी नाडी सुटते?"

"बूटच तुमच्या पसंतीचे. काय करणार!"

हसले. यांच्याबरोबर मीही हसले. मागच्या आठवड्यात मुलीकडे जाते असं सांगून मी एकटी डॉक्टरांकडे गेले होते. हवा चांगली असताना दम लागतो म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "मग दुखणं पुढं गेलंय," म्हणाले. "आता घरी ऑक्सिजन ठेवायची तयारी करा." मी यांना काही बोलले नव्हते. या माणसाला धड चहा करता येत नाही. मी गेले तर याचं कसं व्हायचं, या विचारानं माझी झोप उडाली होती. आणि नुसतं त्याचंच नव्हतं. मला मरायची भीती वाटत होती, सरळ सांगते.

आणि डोळ्यांपुढं सारखे मास्तर यायचे. आमच्या समोरच्या दारात एक निवृत्त मास्तर राहायचे, एकटेच. रोज सकाळी आमच्या दारावर काठी आपटायचे, "आज रंग कोणता?" हे आतून ओरडायचे, "हिरवा, मास्तर!" मग आम्ही तिघं फिरायला. गेल्या हिवाळ्यात मास्तर याच बाकावर बसले आणि उठले नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत दम कोंडून गेले. आता माझी पाळी, असं रोज त्या बाकापाशी वाटायचं.

परत आलो तर जिन्यात हवा कार्यालयातली पोरगी उभी. दर उन्हाळ्यात पेटी पुसायला यायची ती. भर थंडीत कधी आली नव्हती.

"आजोबा, गच्चीची किल्ली द्या जरा. तुमच्या पेटीचे आकडे विचित्र येतायत."

"विचित्र? एकदा बंद पडली नाही ती! मी आहे ना लक्ष ठेवायला."

पोरगी वर गेली. मी चहा टाकला. ती उतरली तेव्हा तिच्या हातात आमची जुनी रजई होती. धाकट्याच्या पाळण्यातली, पिवळ्या फुलांची. ती कधीची सापडत नव्हती.

"हे पांघरूण पेटीवर कुणी घातलं?"

"मीच," हे म्हणाले, अगदी छाती फुगवून. "थंडी सुरू झाली की घालतो, संपली की काढतो. दोन हिवाळे झाले. लोखंडी वस्तू, गारठणार नाही का? पेटी बंद पडली तर हिला हवा कशी कळणार?"

"तोंडसुद्धा झाकलंत?"

"तोंडच तर आधी झाकायचं! पाइपसुद्धा तोंडाकडून गोठतो."

पोरीनं रजई टेबलावर पसरली. आतली बाजू तशीच पिवळी होती. बाहेरून ती काळपट झाली होती, आणि पेटीचं तोंड जिथं येत असेल तिथं वाटीएवढा काळा कुळकुळीत डाग. बोट लावलं तर काजळी बोटाला आली.

"पेटीत पंखा असतो आजोबा, तो बाहेरची हवा आत ओढतो. इथं ती या रजईतून गाळली जाऊन आत जात होती. धूर सगळा कापसात अडकला."

"मग फोनवर रंग यायचा तो?" यांनी विचारलं.

"संगणकाला दुसरं कोण शिकवणार? तो पेटीकडूनच शिकतो. थंडी वाढली की पेटी म्हणायची, हवा छान. दोन हिवाळे तेच ऐकून त्यानं धरून ठेवलं की या गल्लीत थंडी जितकी जास्त, तितकी हवा चांगली. खरं तर उलट असतं. कडाक्याच्या थंडीत धूर वर जातच नाही, खालीच बसतो."

"आणि तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही?" मी विचारलं.

ती ओशाळली. "अंदाज आणि पेटीचे आकडे जुळायचे ना आजी. आम्हाला वाटलं, तुमच्या गल्लीचा अंदाज सगळ्यात अचूक. आता पलीकडच्या गल्लीत नवी पेटी लावली, तिचे आकडे लालच लाल, तेव्हा शंका आली."

मला मात्र एकच गोष्ट ऐकू आली.

"म्हणजे ते हिरवे दिवस हिरवे नव्हते? आजचासुद्धा?"

"आज तर फार वाईट आहे, आजी. बाहेर पडू नका."

"अगं बाई! म्हणजे माझी छाती नाही! हवाच होती!" मी हसायला लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "डॉक्टर ऑक्सिजन म्हणत होते, मी मेलेच होते की गं भीतीनं!"

हसता हसता माझं यांच्याकडे लक्ष गेलं.

"तुझ्या छातीला आता काय झालंय?" यांनी विचारलं.

मी दारातल्या बुटांकडे बघितलं.

"नाडी," हे हळूच म्हणाले. "रोज सुटायची ती नाडी."

पोरगी थोड्या वेळानं गेली. जाताना सांगून गेली, की दोन हिवाळ्यांचं सगळं शिकवलेलं पुसावं लागेल, तोवर या गल्लीला रंग मिळणार नाही. दुपारी फोन उघडला तर आमच्या गल्लीवर राखाडी पट्टा, 'अंदाज उपलब्ध नाही'. खिडक्या घट्ट लावून मी बसले होते. दम अजून लागतच होता. इतके दिवस तो धूर आत गेला, त्यानं छातीचं काय केलं असेल, हे आता नवीनच भय होतं.

न्हाणीघरात पाण्याचा आवाज येत होता. मी जाऊन पाहिलं. हे स्टुलावर बसून बादलीत रजई धूत होते.

"टाकून द्या ती. कशाला जीव दमवताय?"

यांनी मान वर केली नाही. "रंग कोणता म्हणून मास्तर मलाच विचारायचे ना गं?"

मी दाराची चौकट धरली.

"त्यांचं हृदय बंद पडलं," मी म्हटलं.

"दम लागला होता ना त्यांना?"

"हृदयानंच लागतो तसा. डॉक्टर म्हणाले मला. तुम्ही तेव्हा रिक्षावाल्याशी बोलत होतात खाली."

धडधडीत खोटं. हे माझ्याकडे बघत राहिले. मीही नजर काढली नाही.

"हृदय का?"

"हो. हृदय."

"बरं," हे म्हणाले. बादली कलती करून यांनी काळं पाणी मोरीत ओतलं, नळ पुन्हा सोडला आणि रजई दोन्ही हातांनी खाली दाबली. पाणी पुन्हा काळं झालं.