कॅमेऱ्याच्या पोटातलं

खिडकीजवळच्या टेबलावर तिनं हौसेनं सगळं मांडलं होतं: सोल्डरिंगची सळई, मीटर, चिमटा, दोन स्क्रू-ड्रायव्हर, डब्यांमधून रेझिस्टर. सासूबाई येता-जाता म्हणत, "आमची सून रेडिओ स्टेशन काढणार बरं का!"

सुटे भाग मोडक्या वस्तूंतून काढावेत, असं शिकाऊंच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकात होतं. म्हणून तिनं सासऱ्यांचा बंद कॅमेरा घेतला. सेल घालून पाहिले. त्यानं बारीक शीळ घातली आणि गप्प बसला. तिनं सेल काढले, आतली सर्किटची पाटी सोडवून टेबलाच्या कडेला ठेवली, स्क्रू-ड्रायव्हर कमरेला खोचला आणि चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभ्यानंच पुढचं पान उलटलं.

'सेल काढले तरी फ्लॅशच्या कॅपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट दबा धरून असतात. त्याच्या दोन धातूच्या पायांना हात लावू नका.'

ती वळली.

दारात तीन वर्षांची लेक उभी, पायाशी तिची गोधडी. दोन्ही हातांत ती पाटी, ताटलीसारखी धरलेली.

"आई, बघ, छोटं गाव!"

कॅपॅसिटरचे उघडे पाय आणि लेकीचा अंगठा यांच्यात तीळभर जागा होती.

किंकाळी अगदी ओठांवर आली. पण ही पोर दचकली की हातातलं आवळून धरते. परवा उकडलेलं अंडं तिनं असंच चेचलं होतं.

"अगं, हे काय उचललंस..." लेकीच्या मागून सासूबाई आल्या.

"आई, आवाज नको," ती पुटपुटली. सासूबाई जागच्या जागी थिजल्या.

ती उकिडवी बसली. आवाज तिनं अंगाईचा काढला. "गाव झोपलं का गं?"

"नाही. जागं आहे."

"मग निजवूया? खाली गोधडीवर. हळूच हं. बोटं हलवली तर उठेल ते."

लेकीनं विचार केला. अंगठा जरासा सरकला. पाटी गोधडीवर टेकली, हात सुटले.

आणि थोपटायला लेकीनं तळवा उचलला.

तिनं झडप घालून पोरीला मागे ओढलं, सासूबाईंच्या अंगावर जवळजवळ भिरकावलंच. मग कमरेचा स्क्रू-ड्रायव्हर उपसला आणि साठलेली वीज संपवायला, प्लास्टिकची मूठ धरून पातं त्या दोन पायांवर आडवं टेकवलं.

फट्!

निळी ठिणगी उडाली. पात्याला खाच पडली.

सासूबाईंनी नातीचे दोन्ही अंगठे आपल्या मुठीत गच्च धरले.

"परत!" लेक टाळ्यांसाठी हात सोडवत हसली. "आई, परत कर ना!"

तिला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवायचा होता. बोटं उघडतच नव्हती.