झाकणावरचा हात

तांबं धुण्यात मावशीचा हात धरणारं त्या प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. तिला मावशी सगळेच म्हणत, तिच्याहून सहा वर्षांनी मोठे असलेले संचालकसुद्धा. ती पदविका घेतलेली तंत्रज्ञ होती, नोकरीला बावीस वर्षं झाली होती. पण मावशी म्हटलं की माणूस घरचा होतो आणि घरच्या माणसाला हुद्दा द्यावा लागत नाही. तेवढीच सोय.

डोंगराच्या पोटात, बोगद्याच्या पार टोकाला, बादलीएवढं एक तांब्याचं भांडं होतं आणि भांड्यात एक स्फटिक. विश्वातलं बहुतेक द्रव्य कुणाला दिसत नाही, त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. त्याचा एखादा कण कधीतरी या स्फटिकाला धडकेल, प्रकाशाचा एक ठिपका उमटेल, या आशेवर साठ-सत्तर शहाणी माणसं वर्षानुवर्षं डोळे लावून बसली होती. आकाशातून येणारा बाकीचा मारा अडवायला डोक्यावर डोंगर घेतलेला. पण भांड्यालाच मळ असला तर डोंगर काय करणार? माणसाच्या घामात पोटॅशियम असतं, त्यातला अगदी बारीक अंश किरणोत्सारी असतो, आणि स्फटिकाला कृष्णद्रव्य काय नि घाम काय, ठिपका सारखाच. म्हणून तर मावशीला एवढं महत्त्व.

ती एकावर एक दोन हातमोजे घालायची. हाताला कधी क्रीम लावायची नाही. केळ्यात पोटॅशियम जास्त असतं म्हणून धुण्याच्या दिवशी केळं खायची नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचा काही उपयोगही नव्हता. पोरं चिडवायची, मुद्दाम डब्यातून केळी आणायची. ती हसायची आणि खायची नाही.

उद्घाटनाच्या दिवशी भांड्याचं झाकण बसवायचं होतं. संचालकांनी पाहुण्यांपुढे भाषण ठोकलं, मग झाकणाशेजारी फोटोला उभे राहिले. फोटोवाला म्हणाला, मोजे नकोत, ऑपरेशनला निघालेले डॉक्टर वाटता. संचालकांनी उजव्या हाताचे मोजे ओढून काढले आणि न बघताच बाजूला धरले. बाजूला मावशी होती. पुढे केलेली वस्तू आपण घेतो, तसे तिने ते घेतले. मग त्यांचा हात तांब्याकडे निघालेला दिसला.

"सर, हात," ती म्हणाली.

"एकच सेकंद, मावशी."

सेकंदभरच. पण अख्खा पंजा, चांगला दाबून.

पाहुणे जेवायला गेल्यावर तिने त्यांना गाठलं. झाकण पुन्हा धुवावं लागेल, आठ तास लागतील, असं सांगितलं. ते म्हणाले, चार वाजता झाकण बसलं पाहिजे, ही माणसं तेवढ्यासाठी आली आहेत. तिने मान हलवली नाही, तेव्हा त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तोच हात. म्हणाले, "अहो, तुमचं नुसतं पुसणं म्हणजे इतरांचं धुणं."

इथे मावशी फसली. बावीस वर्षांत तिच्या कामाबद्दल त्यांनी काढलेले हे पहिले बरे शब्द होते आणि ती हुरळली. तिने अल्कोहोलने दोनदा पुसलं, नोंदवहीत लिहिलं, 'धुतलं. स्वच्छ.' आणि खाली सही केली. खोटी नोंद तिने आयुष्यात ही एकच केली, आणि तीही कौतुकापायी.

पुढे तीन वर्षं सगळे खूश होते. दिवसाला दोन-तीन ठिपके पडत होते, नेमके हवे तेवढ्या ऊर्जेचे. शोधनिबंध निघाला. संचालक टीव्हीवर दिसले. मावशीचा नवरा, निवृत्त बस ड्रायव्हर, उद्घाटनाचा तो फोटो टीव्हीच्या वर टांगून बसला होता, कारण फोटोच्या कडेला बायको होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, हिनेच धुतलं ते.

मग आकडे तपासणारी एक नवी मुलगी आली. तिने विचारलं, कृष्णद्रव्य जर सगळीकडून येतंय, तर ठिपके झाकणाखालीच का दाटी करून बसलेत? संचालकांनी तिला तीनदा पुन्हा मोजायला लावलं. चौथ्यांदा विचारलं, तुला गणित कुणी शिकवलं? शेवटी झाकण उघडावंच लागलं. तिरपा दिवा धरला आणि तांब्यावर काळपट पंजा दिसला, पाचही बोटांसकट.

चौकशी समिती बसली. नोंदवही निघाली आणि नोंदवहीत मावशीची सही. दोष तिच्यावर आला तर धुण्याच्या खोलीत तिला पुन्हा पाय ठेवता येणार नव्हता. त्या खोलीशिवाय तिला बाहेर कुणी कशासाठी ओळखत नव्हतं. संचालकांच्या खुर्चीमागे तोच फोटो असायचा. तिथे आता भिंतीवर फिकट चौकोन तेवढा उरला होता.

"बोलत कशाला बसतेस," नवरा म्हणाला. "नेऊन दाखव." त्याने स्वतः फोटो उतरवला, काच पुसली आणि टॉवेलात गुंडाळून दिला.

समितीत तीन जण होते. संचालक माहिती द्यायला बसले होते, ती मुलगी आकडे दाखवायला. मावशीने फोटो टेबलावर ठेवला. झाकणावरचा संचालकांचा उघडा पंजा त्यात स्पष्ट दिसत होता. तिला वाटलं, झालं, सुटले. संचालकांनी चष्मा लावला, फोटो जवळ ओढला, निवांत पाहिला.

"मावशी, हे मोजे कुणाच्या हातात आहेत?"

"माझ्या. तुम्हीच दिलेत."

"दिले. मी कागदावर काम करणारा माणूस, मी चुकलो. तुम्हाला नियम ठाऊक होता ना? मग घेतलेत का?"

घेतले म्हणून घेतले. तिने मुलीकडे पाहिलं, मुलगी टेबलाकडे पाहत होती. मुलीचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं. मग संचालक हळूच, अगदी मायेने म्हणाले, "आणि वर स्वच्छ म्हणून सहीही केलीत." कुणी करायला लावली, हे तिला आठवलं ते जिना उतरताना. रागही तिथेच आला, कुणाच्या कामाचा नसलेला.

फोटो समितीने ठेवून घेतला. घरी नवऱ्याने रिकाम्या खिळ्याकडे बघत विचारलं, फोटो कुठाय? ती म्हणाली, पुरावा म्हणून ठेवलाय.

"कुणाविरुद्ध?" त्याने विचारलं.

ती आत निघून गेली.

अहवालात आलं की उपस्थित तंत्रज्ञाने स्पर्श रोखला नाही आणि खोटी नोंद केली. स्पर्श कुणाचा, हे लिहायला जागा पुरली नसावी. मावशीची बदली कोठारात झाली. संचालकांनी शोध मागे घेतला आणि मग गावोगावच्या विद्यापीठांतून 'आम्ही आमची चूक कशी शोधली' यावर व्याख्यानं दिली. विज्ञानातला प्रामाणिकपणा म्हणून लोक उभं राहून टाळ्या वाजवत. त्या मुलीचं कंत्राट वाढलं.

पण झाकण तसंच पडलं होतं. नव्या माणसाने आधी तांब्याचे दोन तुकडे धुऊन बघितले आणि दोन्ही डागाळले. शेवटी कोठारात निरोप आला: मावशी, तेवढं एकदा धुऊन द्या.

ती नाही म्हणू शकत होती. तो डाग होता तोवर कुणीतरी, कधीतरी, त्याचं माप घेऊ शकलं असतं. तिने दोन-दोन मोजे चढवले, दिवा तिरपा केला आणि आपला पंजा त्या पंज्यावर अधांतरी धरला. काळी बोटं तिच्या बोटांच्या बाहेर पेरभर येत होती. तांब्यावर मात्र ती घाणच होती, आणि घाण तिला बघवत नव्हती. तिने झाकण आम्लाच्या कुंडात सोडलं. बोटं आधी गेली, मग तळवा.

पूर्ण आठ तास घेऊन तिने ते धुतलं, वाळवलं, नायट्रोजनच्या पिशवीत बंद केलं. मग नोंदवही ओढून लिहिलं, 'धुतलं. स्वच्छ.' आणि खाली सही केली. ही नोंद खरी होती.