घामाला विष म्हणणारा महाराज

बहात्तरच्या त्या उन्हाळ्यात सोसायटीच्या गोडाऊनमध्ये ज्वारीचा दाणा नव्हता, पण माणसाला माणूस चिकटला होता. दुष्काळी कामावर खडी फोडून सुटलेले लोक घरी न जाता इकडंच यायचे. कारण आत नीलहस्त महाराज अंगातलं विष कागदावर उतरवून दाखवत होते. कपिलधारच्या डोंगरात तप करून आलोय, असं सांगत. बोटं मात्र खरोखरच जांभळी होती.

"नीलकंठानं हलाहल गळ्यात धरलं, आमी तुमचं हातात धरलं!" महाराज गरजायचे आणि बाया जमिनीला डोकं टेकवायच्या.

रीत साधी होती. रोग्यानं पंजा कोऱ्या कागदावर दाबायचा. महाराज पितळी लोट्यातलं 'परीक्षातीर्थ' शिंपडून कागद धुनीच्या निखाऱ्यांवर धरणार. थोड्याच वेळात पंजाचा जांभळा ठसा उमटायचा. हेच पाप, हेच विष! मग मंत्र, मग अंगारा आणि पुन्हा नवा कागद. या खेपेला तांब्याच्या गडूतलं 'शुद्धितीर्थ'. कागद कोराच राहायचा. रोग पळाला!

गावात सगळ्यांत पुण्यवान कोण निघालं? सोसायटीचे चेअरमन सुंदरराव. जेवून, हात धुऊन, उपरण्याला पुसून आले होते. ठसा उमटला जेमतेम, धुरकट. महाराजांना गोडाऊन त्यांनीच दिलं होतं. खडी फोडणाऱ्यांचे ठसे मात्र एकाहून एक गडद.

बायनाबाईच्या तेरा वर्षांच्या गीताचा ठसा गडद आला, तेव्हा बायनाबाईनं स्वतःच्याच गालात मारून घेतल्या. "माझंच पाप पोरीत उतरलं गं माय!"

दुसरा कागद कोरा आला. महाराज म्हणाले, "पोर बरी झाली. आता ती सुई बंद. सुईनं विष परत चढतं."

गर्दीत उभ्या असलेल्या कौशल्याबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि गीता त्यांच्याच वर्गातली. गेल्या वर्षी घशातल्या जंतूंपायी पोरीचे सांधे सुजले होते. आजार काळजावर जाऊ नये म्हणून बीडच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन सांगितलं होतं. आज तोच दिवस होता. पोरीला तेलगावच्या दवाखान्यात न्यायला त्या निघाल्या, तर मायलेकी इथं बसलेल्या.

"बायनाबाई, उठा. एस.टी. निघून जाईल."

"न्हाई बाई. पोरगी बरी झाली. कावून टोचायचं तिला उगंच?"

कौशल्याबाईंनी महाराजांच्या बोटांकडं पाहिलं आणि संतापातही त्यांना हसू फुटलं. औरंगाबादेला कॉलेजात असताना त्यांचीही बोटं अशीच रंगली होती, प्रयोगशाळेत. पुढं होऊन त्यांनी पितळी लोटा उचलला आणि नाकाशी नेला. स्पिरिटचा भपकारा आला.

"महाराज, पोरगी बरी झाली ना? मग तिचा हात पुन्हा तपासा. पण याच लोट्यातल्या तीर्थानं."

"परीक्षा एकदाच होते, बाई! देवाची मास्तरकी करू नका."

"देवाची कोण करतंय? तुमची करतेय."

गर्दीतून कुणीतरी खुदकन हसलं. कौशल्याबाईंनी गीताचा पंजा कागदावर दाबला, लोट्यातले थेंब शिंपडले, कागद निखाऱ्यांवर धरला. ठसा उमटला, पहिल्यासारखाच जांभळा.

महाराज डगमगले नाहीत. "बगा! तुमच्या अश्रद्धेनं विष परत भरलं!"

लोक कुजबुजायला लागले. बायनाबाईनं पोरीला छातीशी ओढलं. आता माघार घेतली तर पोरगी हातची जाईल, हे कौशल्याबाईंना कळून चुकलं. त्या धुनीशेजारी गादीवर बसलेल्या सुंदररावांकडं वळल्या.

"चेअरमनसाहेब, गावात तुमच्याएवढं पुण्य कुणाचं नाही. जरा बाहेर येऊन ह्या लोकांसोबत रस्त्याकडच्या ढिगातली खडी फोडता?"

निवडणूक तोंडावर आलेली. सुंदररावांनी मिशीवर ताव दिला, "आमी काय कामाला भितो व्हय!" म्हणत घण उचलला. पंधरा-वीस घावांतच सदरा पाठीला चिकटला. घामानं निथळणारा पंजा कागदावर दाबला, तीर्थ पडलं, निखाऱ्यांची धग लागली. ठसा असा उमटला, की सगळ्या गावाचे त्यापुढं फिके!

"आता बोला," कौशल्याबाई म्हणाल्या. "पंधरा-वीस घावांत चेअरमननी एवढं कुठलं पाप केलं?"

महाराजांनी मागं बसलेल्या चेल्याला खूण केली. ज्याच्या गोडाऊनमध्ये बसायचं त्यालाच पापी कसं म्हणणार? चेल्यानं झोळी आवरायला घेतली. सुंदररावच ओरडले, "बोल की बे! मी पापी हाय?"

कौशल्याबाईंनी लोटा उंच धरला. "ह्यात तीर्थ नाही, स्पिरिटात विरघळवलेली निनहायड्रिन नावाची पावडर आहे. माणसाच्या घामात अमिनो आम्लं असतात. डाळीतली, दुधातली, दुष्काळी कामावर वाटतात त्या सुकडीच्या पिठातली प्रथिनं त्यांचीच बनतात, आपलं मांसही त्यांचंच. घामातली ही आम्लं या पावडरीला भेटली आणि धग लागली की जांभळा रंग येतो. जो घाम गाळतो त्याचा ठसा गडद, जो गादीवर बसतो त्याचा फिका. गडूत नुसतं पाणी आहे, त्यानं काहीच उमटत नाही. इतकाच चमत्कार!"

"मंग सुईत काय हाय?" बायनाबाईनं हळूच विचारलं.

"तसल्याच अमिनो आम्लांचं औषध, बायनाबाई. एक बुरशी ती जोडून पेनिसिलीन बनवते. जंतू आपल्या अंगाभोवती भिंत बांधतो, तिचे सांधेही अमिनो आम्लांच्या तुकड्यांचे. पेनिसिलीन त्या तुकड्याचं सोंग घेऊन जंतूच्या गवंड्याच्या हातात जातं आणि तिथंच अडकून बसतं. सांधा बसत नाही, भिंत ढासळते, जंतू फुटून मरतो. असं औषध शोधायला माणसांनी वर्षानुवर्षं डोकं झिजवलंय. आणि हा म्हणतो, सुई बंद!"

बायनाबाई आपल्या घट्टे पडलेल्या तळव्यांकडं बघत राहिली. "म्हंजी माझ्या पोरीत पाप न्हाई?"

"पाप नाही. आजार आहे, आणि त्याला औषध आहे."

बायनाबाई उठली. तिनं गीताचा हात धरला आणि महाराजांसमोर उभी राहिली. "आमी दिवसभर दगड फोडतो, तवा कुटं चूल पेटती. ह्या घामाला तू पाप म्हणलास?" मग वळून न बघता ती तेलगावच्या रस्त्याला लागली. मागून कौशल्याबाई धावतच निघाल्या, एस.टी. थांबवायला.

तर बाबांनो, चमत्कार दिसला की नमस्कार करायची घाई करू नका. आधी म्हणा, माझ्यावर केलंस ते आता चेअरमनवर करून दाखव. जो खरा असेल तो दाखवील, आणि जो झोळी आवरायला लागेल त्याच्या भरवशावर लेकराचं औषध बंद करू नका.