शिंपीकाकांची आनंदी परीक्षा

शिंपीकाकांना या वयात आनंदी असल्याची परीक्षा द्यायची होती. यकृतात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसलेल्या विषाणूवर इंजेक्शनं द्यायची, तर आधी मन तपासायचं, असा इस्पितळाचा नियम. त्या औषधाने म्हणे धडधाकट माणूसही खचतो. आणि इंजेक्शनं झाल्याशिवाय नातीला हात लावायचा नाही, हा सूनबाईंचा नियम. मांडीवर घेतल्याने हा आजार लागत नाही, हे सांगून डॉक्टर थकले. पण सूनबाई कसल्या ऐकतात!

"अहो, तिथे रडगाणं गाऊ नका," बायकोने बजावलं. "नाहीतर म्हणतील, याचं डोकं आधीच बिघडलंय."

मानसतज्ज्ञ बाई तरुण होत्या, बोलायला गोड.

"काका, झोप लागते?"

"ढाराढूर."

"रडू येतं?"

"कांदा चिरतानासुद्धा नाही."

"लोक अंतर ठेवतात, असं वाटतं?"

"छे! जीव टाकतात माझ्यावर." वेगळं ताट, वेगळा पेला आणि मापं घेताना अंग चोरणारी गिऱ्हाइकं काकांनी आवंढ्याबरोबर गिळून टाकली.

बाईंनी मान हलवली. "इतका सुखी माणूस मी अजून पाहिला नाही. काहीतरी लपवताय तुम्ही. पुढच्या महिन्यात परत या. इथे सही करा."

नात तोवर चालायला लागली असती. सही करून काकांनी बाईंचं पेन पुढे केलं. बाईंचा हात निघाला आणि अर्ध्यावरच थांबला.

"राहू द्या काका, तुमच्याकडेच ठेवा."

"मॅडम," काका म्हणाले, "तो अंतराचा प्रश्न पुन्हा विचारता का?"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी विचारलं नाही. काकांनीच सांगितलं, ताटापासून नातीपर्यंत सगळं, आणि सांगता सांगता ढसाढसा रडले. बाईंनी त्यांच्या हातातून पेन जवळजवळ ओढूनच घेतलं आणि त्याच पेनाने लिहिलं, 'उपचारास हरकत नाही.' रडून पास होणारा हा बहुधा पहिलाच परीक्षार्थी.

पेन मात्र बाईंनी टेबलाच्या पार कडेला ठेवलं, आपल्या बाकीच्या पेनांपासून लांब. काकांच्या नजरेतून ते सुटलं नाही. निघताना त्यांनी ते गुपचूप उचलून खिशात टाकलं. बाहेर अजून रांग होती, दिवसभर त्या पेनाशेजारी बसायचं होतं त्या तरुण पोरीला. तिच्या जिवाला उगाच घोर कशाला!