मुरुडहून मुरुडला

मी एक जुनी, काळी, बावीस इंची सायकल आहे आणि मला एका जागी उभं राहणं जमत नाही. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, मग सायकलीला स्टँड कशासाठी असतो? तो माणसांच्या सोयीसाठी असतो. माझं मन स्टँडवर कधीच लागलं नाही. ज्यांच्या हाती मी पडले त्यांचंही तसंच होतं, म्हणून तर आमचं इतकी वर्षं जमलं.

माझे सुटे भाग उत्तरेकडच्या कुठल्याशा कारखान्यात तयार झाले. गोणपाटात गुंडाळून ते लातूर जिल्ह्यातल्या मुरुडला आले आणि तिथे भीमाशंकर मिस्त्रींनी दुकानापुढच्या लिंबाखाली बसून मला जोडलं. माझं मागचं चाक पहिल्यांदा हवेत गरगरलं तेव्हा तारांचा जो बारीक आवाज झाला, तो ऐकून रस्त्यानं जाणारा एक तरुण थांबला. तेच आनंदराज. गावच्या पोस्टात ते नुकतेच पोस्टमन म्हणून लागले होते. त्याच संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर निघाले.

पुढची तेहेतीस वर्षं आम्ही रोज तीस किलोमीटर फिरलो. माझ्या कॅरियरवर पार्सलं आणि हँडलला टपालाची पिशवी असे. लोक माझी घंटी ओळखत. घंटी वाजली की म्हाताऱ्या बायका पदर सावरत दारात येत आणि विचारत, "आलं का रे बाबा आमचं?"

आता एक गंमत सांगते. मुरुड नावाची गावं एकाहून जास्त आहेत. आमचं मुरुड बाजारपेठेचं, तुरीच्या पोत्यांचं. दुसरं रायगडात, जंजिऱ्याच्या किल्ल्याजवळ. तिसरं रत्नागिरीत, दापोलीच्या खाली. पाठवणारी माणसं घाईत जिल्हा लिहीत नसत, आणि मग समुद्राकाठची कार्डं आमच्या कोरड्या गावात येऊन पडत. आनंदराज ती लाल शाईनं बरोबर पत्ता लिहून पुढे पाठवत. पण कार्ड उघडंच असतं, त्यावर डोळे जातातच. 'बोट परवा लागेल.' 'उधाणानं बांध फुटला.' वाचून झालं की ते पायडलवर पाय ठेवून उगाच उभे राहत आणि मग नेहमीपेक्षा जोरात निघत.

समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. वीस मार्चला चवदार तळ्यावर अभिवादनासाठी ते दोनदा महाडला गेले होते. तिथून समुद्र फार लांब नाही, पण त्यांचा ट्रक तळ्यावरूनच माघारी वळला.

ते निवृत्त झाले तेव्हा गावानं त्यांच्या गळ्यात हार घातला आणि तोच काढून त्यांनी माझ्या हँडलला अडकवला. मग आम्ही सगळे लातूरला आलो. त्यांची मुलगी धम्मप्रिया जलसंधारण खात्यात इंजिनियर आहे, तिच्या घरी. मला जिन्याखाली ठेवलं. माझ्या टायरांतली हवा गेली, सीटवर कुणी जुन्या चादरींचं गाठोडं ठेवलं. वर गच्चीवर आनंदराज येरझारा घालत, ते मला खालून ऐकू येई. त्यांच्या पत्नी महामाया म्हणत, "अहो, बसा की जरा! गच्ची झिजंल."

धम्मप्रियाकडे गेअरची नवी सायकल होती. रविवारी ती औसा, खरोसा असं फिरून येई. एका संध्याकाळी तिनं घरात सांगितलं की डिसेंबरात ती कोकण किनाऱ्यानं सायकलवर जाणार आहे, मांडव्यापासून दापोलीच्या मुरुडपर्यंत.

"मीबी येतो," आनंदराज म्हणाले.

"पप्पा, दोनशे किलोमीटर हाय. चढउतार हायत."

"तेहेतीस वर्षं रोज तीस. कर गुणाकार." एवढं म्हणून ते जिना उतरले आणि त्यांनी चादरींचं गाठोडं माझ्यावरून उचलून बाजूला फेकलं.

मित्रांनो, जे मी पुढे सांगणार आहे, ते मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. सरावासाठी आम्ही बार्शी रोडला जायचो. पूर्वी आनंदराज मला पाण्याच्या थेंबासारखं खड्ड्यांमधून काढत. आता डावीकडचे खड्डे ते चुकवत, उजवीकडचा मात्र एकही चुकत नव्हता. एकदा उजव्या हाताला उभ्या असलेल्या हातगाडीला माझं हँडल घासलं, तर ते दचकून म्हणाले, "ही कुठनं आली?" मला बोलता येत नाही. मी मडगार्ड खडखडवू शकते, तेवढं मी केलं. धम्मप्रियानं ते ऐकलं, पाना आणला आणि नट आवळला. माझ्याजवळ होता तेवढा आवाजही बंद झाला.

आम्ही रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून गेलो, मग बोटीतून मांडव्याला उतरलो. समुद्र दिसताच आनंदराज ताठ झाले. मुठी तेवढ्या घट्ट झाल्या, मला त्या कळल्या. आणि मग जी घाई सुरू झाली! अलिबाग गेलं, रेवदंडा गेलं. कोर्लईला धम्मप्रिया म्हणाली, किल्ल्यावर जाऊ, पोर्तुगिजांचा आहे, वरून दोन्हीकडचं पाणी दिसतं. हे म्हणाले, "तू सांगितलंस ना, झालं. चल, पुढं काय हाय बघू." काशिदच्या सुरूंमधून ते असे सुटले की धम्मप्रियाला गेअर बदलावे लागले.

रायगडच्या मुरुडला पोचल्यावर ते पहिले पोस्टात शिरले. खिडकीतल्या माणसाला छाती काढून म्हणाले, "मी मुरुडहून आलो."

"अहो, मुरुड हेच," तो म्हणाला.

"ते म्हाईत हाय. मी दुसऱ्या मुरुडहून आलो."

तो हसला, त्यानं चहा मागवला. अर्ध्या कपावर आनंदराज उठले. राजपुरीच्या धक्क्यावरून त्यांनी जंजिरा पाहिला. "लई मोठा हाय," म्हणाले. पण अख्खा किल्ला समोर असताना त्याचं उजवं टोक पाहायला त्यांनी मान वळवली. समोरचा किल्ला पाहायला मान का वळवावी लागते, हे धम्मप्रियाला तेव्हा सुचलं नाही. ती फोटो काढत होती.

आगरदांड्याहून होडीनं दिघी, दिवेआगर, आणि मग समुद्राला लागून जाणारा तो रस्ता आला. डावीकडे डोंगर, उजवीकडे कठडा आणि कठड्याखाली लाटा. उतार होता. धम्मप्रिया पुढे होती. समुद्र जवळून दिसावा म्हणून आनंदराजांनी मला कठड्याच्या अंगाला घेतलं होतं. कठड्याच्या कडेला एक गाय निवांत बसली होती, दिवसाढवळ्या, पांढरीशुभ्र. माणसानं लांबून पाहावी अशी. आनंदराजांनी ब्रेक दाबला तो अगदी शेवटच्या क्षणी, आणि माझे ब्रेकचे रबर झिजून पत्र्याला लागलेले. गाय उठली, आम्ही कठड्यावर आदळलो. माझं पुढचं चाक वाकलं. आनंदराज माझ्या अंगावरून पलीकडे, कठड्यावर उताणे पडले. आणखी हातभर गेले असते तर खाली खडक होते.

धम्मप्रिया सायकल टाकून धावत आली. त्यांचं कोपर सोललं होतं, बाकी ठीक होतं. तिनं त्यांना रस्त्याच्या आतल्या बाजूला बसवलं, पाणी दिलं आणि गाय बसली होती त्या जागेकडे वळून पाहिलं.

"पप्पा, समोर बघा. मान हलवू नका." तिनं त्यांच्या उजव्या बाजूला हात धरला. "किती बोटं?"

"तीन."

तिनं एकही बोट वर केलं नव्हतं. मूठ होती ती.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. लई न्हाई गं. काचबिंदू म्हणले. कडंकडंचं जाऊन राहिलंय. समोरचं अजून साफ हाय."

"डॉक्टर सायकलबद्दल काय म्हणले?"

ते सोललेलं कोपर पुसू लागले.

"मला तर म्हणालात चष्म्याचा नंबर वाढलाय! आता पडला असतात खाली, तर मी आईला काय सांगितलं असतं?" ती रडत होती. "बास. इथनंच माघारी. एसटीनं."

"माघारी जाऊन काय बघू? गच्चीची भिंत?" आनंदराज हळू म्हणाले. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "समोरचं उरलंय तेवढं तरी समुद्रानं भरून घेऊ दे मला, बाई."

तिनं आईला फोन लावला. महामायांचा आवाज स्पीकरवर माझ्यापर्यंत आला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चहाचा कप उजव्या हाताला ठेवला की सांडतो त्यांचा. मला वाटलं, हात कापतोय. मीच नीट विचारलं न्हाई." लगेच पुढे म्हणाल्या, "पुढं न्यायचं का माघारी, ते तू ठरव. पण सीटवर बसू देऊ नको."

फोन ठेवून धम्मप्रियानं कठड्याकडे पाहिलं. मग तिची नजर माझ्या कॅरियरवर आली.

एका टेंपोनं आम्हाला श्रीवर्धनला सोडलं. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं माझ्या चाकाचा आउट काढला, म्हणजे वाकलेलं चाक सरळ केलं. माझे ब्रेक पाहून तो धम्मप्रियाला म्हणाला, "ताई, तुमची गाडी चकाचक, आणि हिचे रबर कोणी बघितलेच नाय?" तिनं मान खाली घातली. नवे रबर बसवून घेतले, आणि स्वतःची गेअरची सायकल एसटीच्या पार्सलनं लातूरला पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या सीटवर बसली. आनंदराज कॅरियरवर दोन्हीकडे पाय टाकून बसले आणि पाच मिनिटांत वैतागले. "मला तुझी पाठच दिसून राहिली नुसती!"

"मग उजवीकडं तोंड करून बसा. एका बाजूला पाय सोडून."

"बायकांसारखं?"

"पप्पा."

ते उतरले. पुन्हा बसले, उजवीकडे तोंड करून. आम्ही दक्षिणेला चाललो होतो. मित्रांनो, दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला असतो. आता त्यांचं समोर म्हणजे समुद्रच झाला. कठडा नाही, गाय नाही, खड्डे नाहीत, डोळ्यांत उरलेल्या जागेत काठोकाठ पाणी. चढ आला की दोघं उतरून मला ढकलत, उतारावर माझे नवे ब्रेक घट्ट धरत. हरिहरेश्वर, बाणकोटची खाडी, तिच्यावरचा किल्ला, केळशी, आंजर्ले. पोस्टमनलाच पार्सलासारखं वाहून नेताना माझे सांधे कुरकुरत होते, पण थांबावंसं वाटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी हर्णैच्या पुढे सुवर्णदुर्ग पाण्यात उभा दिसला, आणि मग माडांमधून मुरुड आलं. वाळूवर आम्ही तिघं थांबलो.

आनंदराज गुडघाभर पाण्यात गेले, जरा वेळ उभे राहिले, वळून म्हणाले, "ह्याच्या पुढं काय हाय?"

"दाभोळ."

"अन् त्याच्या पुढं?"

धम्मप्रिया त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

लातूरला आल्यावर सगळी धावपळ दवाखान्याची होती. गेलेली नजर परत येणार नाही, पण थेंब वेळेवर घातले तर उरलेली टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. त्या गडबडीत मला पुन्हा सगळे विसरले. कोकणची खारी हवा माझ्यात मुरली होती. महिन्याभरात माझी चेन तांबडी झाली, पायडल फिरेना. मी कुणाला दोष देत नाही. पण एका सकाळी आनंदराज जिन्याखाली आले, खाली बसले आणि त्यांनी बोटांनी माझी चेन चाचपली. हाताला गंज लागला. ते डोळ्यांजवळ हात नेऊन पाहत राहिले. मग डिझेल आणि जुना ब्रश घेऊन त्यांनी मला कडीकडीनं धुतलं, पुसलं, तेल दिलं. दोन तास ते एका जागी बसले होते. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

मित्रांनो, तुमची सायकल समुद्रावरून आणलीत तर तिला गोड्या पाण्यानं धुवा. ब्रेकचे रबर स्वतः वाकून बघा. आणि घरातलं कुणी "मला काही झालं न्हाई" म्हणत असेल, तर त्यांच्या शेजारी बसून एकदा नीट विचारा. विचारलं म्हणून कुणी पंख छाटत नाही, उलट पुढे कसं जायचं ते ठरवता येतं.

आता मला जास्त बोलवू नका. आज रविवार आहे. धम्मप्रियानं हवा भरली आहे, महामायांनी डबा बांधला आहे, आणि कॅरियरवर एका बाजूला पाय सोडून बसलेले आनंदराज दोनदा खाकरले आहेत.