घंटेआधीची न्याहारी

मित्रांनो, जेवायला बसल्यावर ज्याचे पाय टेबलाखाली नाचत राहतात, त्या माणसाचा मला भारी राग येतो. परवाच्या रविवारी असाच एकजण माझ्यासमोर येऊन बसला. बसला कसला, खुर्चीच्या कडेला टेकला! हार्टविग त्याचे नाव. त्याची गोष्ट सांगतेच, पण आधी मी कोण ते ऐका. वडीलधाऱ्यांची ओळख आधी करून घ्यावी.

मी चिनीमातीची जुनी हंडी आहे. झाकणाची, दोन्ही कानांवर सिंहाची तोंडे असलेली. डावीकडच्या सिंहाचे नाक उडाले आहे, पण तोरा शाबूत आहे. बोहेमियाच्या सीमेकडच्या एका गावातल्या भट्टीतून मी निघाले. माझ्याबरोबरच्या अकराजणी तडकल्या, मी नाही तडकले. शाळेचे तोंड पाहिले नाही. बुडाला कारखान्याचा निळा शिक्का आहे, तेवढेच माझे शिक्षण.

म्युनिकच्या भाजीबाजारामागे झेंटाची खानावळ आहे. मी तिथे आले, तेव्हा झेंटाची सासू नवी नवरी होती. माझे काम एकच. सकाळी केलेले पांढरे सॉसेज गरम पाण्यात घेऊन टेबलावर जायचे. पाणी कढत हवे, पण उकळता कामा नये. पाण्याला उकळी फुटली की सॉसेजही फुटते. आणि दुपारी बाराच्या घंटा सॉसेजच्या कानी पडता कामा नयेत, त्याआधी ते पोटात गेले पाहिजे. बर्फाची पेटीसुद्धा नव्हती, तेव्हापासूनचा हा नेम. साठ वर्षे मी तो पाळला. माझ्याभोवती लग्ने ठरली, भांडणे मिटली. "हंडी असावी तर अशी," लोक म्हणायचे. मग स्टीलची भांडी आली आणि मला फळीवर चढवले. माझ्या पोटात काय भरून ठेवले असेल? बाटल्यांची बुचे! माझ्या पोटात, बुचे!

परवा मात्र गर्दी उसळली. स्टील पुरेना, म्हणून झेंटाने मला उतरवून घासले. नऊ वर्षांनी अंगाला गरम पाणी लागले. आणि वाट्याला आला हा हार्टविग.

हा उत्तरेचा, समुद्राकडच्या फ्लेन्सबुर्गचा. अडतीस वर्षे रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढलेली. निवृत्त झाल्यावर बायकोला, गेझीनेला, घेऊन पहिल्यांदाच सुट्टीला आला, तो वेळापत्रक लिहूनच. दोन दिवसांत सतरा ठिकाणे, प्रत्येकापुढे मिनिटे.

"अकरा पस्तीस," तो घड्याळ बघत म्हणाला. "पावणेबाराला उठायचं. म्हातारा पीटर राहिलाय. तीनशे सहा पायऱ्या."

"चर्चचा मनोरा आहे तो, हार्टविग. पळून नाही जायचा." गेझीनेने टेबलाखाली बूट काढून पाय मोकळे केले होते. "काल बागेतला भाजलेला मासा मी चालता चालता गिळला. राजवाड्यात म्हणे राजाची खाट होती. मला फक्त तुझी पाठ दिसली."

"सगळं बघून झालं की बसू ना."

"लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय."

हार्टविगने माझे झाकण उघडले, एक सॉसेज सालीसकट कापले आणि तोंडात कोंबले. रबर चघळावे तसा त्याचा चेहरा झाला.

"अहो पाहुणे, साल सोला आधी," झेंटा म्हणाली. "घरी केळं सालीसकट खाता काय?"

"बाराच्या आत संपवायचं असतं ना? मग घाई करायला नको?"

"बाराच्या आत संपवायचं म्हणजे अकराला निवांत येऊन बसायचं. बाराला पळायचं नव्हे!"

गेझीने खुदकन हसली. तिने सुरीने एक उभी चीर दिली, साल अलगद उतरवली, गोड मोहरीत बुडवून पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले. बुचांचा माझा राग त्या एका घासाने निवला.

एवढ्यात खुर्ची करकरली.

"हार्टविग," डोळे न उघडताच ती म्हणाली, "आता उठलास तर मी एक वाजताच्या गाडीने घरी जाणार. एकटी. आणि पुढं तुझ्याबरोबर राहायचं की नाही, तेही गाडीतच ठरवणार."

"काहीतरीच तुझं! आलोच अर्ध्या तासात."

आणि गेला की हो तो! गेझीनेने उरलेली सॉसेज एकेक सोलून सावकाश खाल्ली. बारा वाजले, म्हाताऱ्या पीटरच्या घंटा दणाणल्या. शेवटचा ठोका विरेपर्यंत ती दाराकडे बघत होती. नंतरही बघत राहिली.

"आणखी एक बिअर आणू का, ताई?" झेंटाने विचारले.

"नको. गाडी चुकेल." तिने बूट चढवले. जाता जाता माझ्या नकट्या सिंहावरून बोट फिरवले. "हिला जपा हं."

पाच मिनिटांनी हार्टविग धापा टाकत आला. "गेझीने! आल्प्स दिसतात वरून, आल्प्स!"

खुर्ची रिकामी होती.

"स्टेशनवर गेल्या त्या," झेंटा म्हणाली. "पायी वीस मिनिटं. धावलात तर गाठाल."

त्याने घड्याळ पाहिले. वेळापत्रक उघडले, मिटले. आणि मित्रांनो, दोन दिवसांत पहिल्यांदाच तो पाठ टेकून नीट बसला.

"येईल परत. रागावली की असंच बोलते ती. दोन सॉसेज द्या मला."

"बारा वाजून गेले," झेंटा म्हणाली आणि पाठ फिरवून आत गेली. तरी तो तसाच बसून राहिला, माझ्यातले निवलेले पाणी बघत.

मित्रांनो, भांड्यांना फळीवर टाकले तरी ती वर्षे काढतात. माणसांना फळीवर टाकू नका. नंतर उतरवू म्हणाल, तर ती तिथे नसतात. मला जीभ नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी राहवेना. मी सगळा जीव झाकणात आणला, खणखणले आणि त्याच्या तोंडावर बोलले:

"गाढवा, दोन दिवस बसायचं तिथं धावलास, आणि आता धावायचं तिथं बसलास? अडतीस वर्षं गाड्यांची वेळ सांभाळलीस, एक बायको सांभाळता आली नाही तुला! अजून अर्धा तास आहे. ऊठ!"