संशयाखालची उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे, पण माझ्यावर आजवर कुणी डोकं टेकलेलं नाही. माझ्यावर निजतं ते बर्फ. अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरात, देवदारांमधल्या मोकळ्या जागेत मला अंथरलं आहे. जाड रबराची, खोलीएवढी रुंद, आत न गोठणारं पाणी. वर बर्फ साचलं की ते पाणी नळीत चढतं. शेजारचा खांब त्यावरून वजन काढतो आणि रेडिओनं खाली खोऱ्यात कळवतो. बर्फात पाणी किती आहे, हे त्यांना असं घरबसल्या समजतं.

समजतं, पण पटत नाही. खालच्या कालव्याचे प्रमुख ऑर्व्हल टीपल्स माझ्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहत. मीही त्यांना बिचकून असे. त्यांच्या बुटांना खिळे होते.

एका वसंतात बर्फावर पाऊस पडला. बर्फ खचून बुटकं झालं, पण पाऊस पिऊन जड झालं. मी जड वजन कळवलं. खोऱ्यात सगळे हसले. धरण काठोकाठ भरलेलं होतं. माझं ऐकायचं तर उन्हाळ्यासाठी राखलेलं पाणी आत्ताच सोडावं लागणार होतं. ऑर्व्हलना वाटलं, खालच्या शहरवाल्यांनी पाण्यासाठी मला फितवलं आहे. माझी तपासणी करणाऱ्या लिओटा हॉजला घेऊन ते तडक वर आले.

"पोरी, बर्फ बसलंय आणि वजन वाढलंय? कुणाला शेंडी लावतेस?"

"मी सांगून तुम्हाला पटायचं नाही, ऑर्व्हल. तुम्हीच तोला."

तिनं पोकळ नळी बर्फात खुपसली आणि भरलेली नळी काट्याला टांगली. वजन माझ्याशी जुळलं. ऑर्व्हलना तो काटाही खोटा वाटला. त्यांनी पिशवीतून वासरं तोलायचा स्वतःचा काटा काढला. तोही तेच बोलला. मग त्यांनी हातमोजा काढून मूठभर बर्फ पिळलं. बोटांमधून पाणी गळलं.

"धरणाखाली माझ्या बहिणीचं घर आहे," ते हळूच म्हणाले. "धरणाची दारं उघडायला सांग."

दारं उघडली. लगेचच कडक ऊन पडलं आणि डोंगर वितळून खाली धावला. धरणात जागा झाली होती, म्हणून तो तिथं मावला. बहिणीच्या अंगणात पाणी आलं, पण उंबरा चढलं नाही. त्यानंतर खोऱ्यात माझं फार कौतुक झालं.

त्या कौतुकानंच घात केला. आता माझ्या आकड्यावर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवतात. ऑर्व्हल राहिले नाहीत. लिओटाची बदली झाली. वर कुणी येत नाही. गेल्या शरदात अस्वलानं माझा एक कोपरा चावला. मला वाटतं, मी गळते आहे. थेंब थेंब. बर्फ तेवढंच असेल, पण मी ते हलकं सांगत असेन. आणि खाली माना डोलत असतील.

म्हणून मित्रांनो, एवढीच विनवणी आहे. माझ्यावर खुशाल संशय घ्या, पण तो घेऊन घरी बसू नका. वर या.